रबाळे ते बसरा: डीजी मेकॅनिकचा रस्ता, दिवसागणिक

दिवस १. रबाळे, वाशी

रबाळे-महापे-ऐरोली पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत दोन-दोन मेगावॉटचे डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, ओळीनं उभे असतात. त्यांच्यावर चार-पाच वर्षं हात काळे केलेला मेकॅनिक इराकमध्ये तेलकंपन्यांच्या आणि सैन्याच्या कंत्राटदारांचे कॅम्प चालवणाऱ्यांना तयार माल वाटतो. म्हणून रस्ता सुरू होतो तो दक्षिण इराकमधल्या बसऱ्याहून नव्हे, ट्रान्स-हार्बरच्या लोकलनं वाशीतल्या एजंटच्या ऑफिसातून. तिथे चहा येतो, एसी लावलेला असतो आणि तीन पानी ऑफर लेटरवर सही करायची भारी घाई असते.

पगार विचारायच्या आधी विचारायचं ते हे: या कामाचा पैसा मुळात कोणाचा? मूळ कंपनी, तिचा सब-काँट्रॅक्टर, त्या सबचा सब आणि सगळ्यात खाली माणसं पुरवणारा दुबईचा लेबर सप्लायर अशी उतरंड असते. आपला करार असतो तो शेवटच्याशी. उतरंडीच्या टोकाला अमेरिकन सरकार असेल, तर तिथला १९४१ चा डिफेन्स बेस अ‍ॅक्ट लागू होतो. त्यात कामगार कुठल्या देशाचा हे बघत नाहीत, मालकाला विमा काढावाच लागतो. शिवाय त्या सरकारच्या खरेदी-नियमांप्रमाणे कामगाराकडून भरतीची फी घेता येत नाही, पासपोर्ट काढून घेता येत नाही आणि करार त्याला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. टोकाला तेलकंपनी असेल तर यातलं काहीच आपोआप मिळत नाही. मग मालकाच्या विमा पॉलिसीची प्रत मागायची आणि त्यात 'युद्ध व दहशतवाद' आत आहे की वगळलेलं, ते ओळ शोधून वाचायचं. बहुतेक अपघात विम्यांत ते वगळलेलंच असतं.

करारातल्या चार जागांवर पेन्सिलनं खूण करून घ्यावी. मूळ पगार किती आणि जोखीम भत्ता किती. सुट्टीचे पैसे फक्त मूळ पगारावर निघतात. ड्युटी १२ तास धरली असेल तर ओव्हरटाइम आठनंतर सुरू होतो की बारानंतर. काम मध्येच सुटलं तर परतीचं तिकीट कोणाचं. आणि कामाचं ठिकाण. 'बसरा' एवढंच लिहिलेलं असावं. 'कंपनीला गरज पडेल त्या ठिकाणी' असं असेल तर तो करार बसऱ्याचा नाही, कुठलाही आहे.

एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नावानं शोधता येतो. परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० पर्यंतच घेता येतात, तेही पावती देऊन. 'पावती नंतर देतो' म्हणणाऱ्याचा चहा पिऊन उठावं.

दिवस २. कुर्ला, बीकेसी

वाशीहून हार्बरनं कुर्ला, तिथून बीकेसीतलं विदेश भवन. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, काम तिथून चालतं.

इराक हा एमिग्रेशन चेक (कामाला जाण्याआधीची सरकारी तपासणी) लागणाऱ्या १८ देशांपैकी एक. येमेन, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, सीरिया, अफगाणिस्तान हेही त्याच यादीत. पण दहावी पास माणसाचा पासपोर्ट ईसीएनआर निघतो, म्हणजे ही तपासणी त्याला लागतच नाही. आयटीआय केलेले बहुतेक सगळे यात येतात आणि इथेच फसतात. तपासणी नाही म्हणजे कटकट नाही, असं वाटतं. खरं तर तपासणी नाही म्हणजे सरकारी नोंदही नाही: कोण, कुठे, कोणाकडे गेला याचा कागद भारतात कुठेच राहत नाही. ईसीएनआरवाल्याला ई-मायग्रेटवर स्वखुशीनं नोंदणी करता येते. तेवढा वेळ काढावाच. ईसीआर, म्हणजे तपासणी लागणाऱ्या, पासपोर्टवाल्याला प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची: १० लाखांचं कवच, हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. एवढ्या पैशात वाशीत दोघांचं जेवणही होत नाही.

'दुबईचा व्हिजिट व्हिसा काढू, इराकचं तिथून बघू' हे वाक्य ऐकलं की थांबायचं. ऑगस्ट २००४ मध्ये इराकात १२ नेपाळी कामगार ओलीस धरून मारले गेले. त्यांच्यातल्या काहींना जॉर्डनमध्ये हॉटेलचं काम आहे म्हणून आणलं होतं आणि तिथून रस्त्यानं आत नेत होते. २०१४ मध्ये मोसुलजवळ धरलेल्या ३९ भारतीयांचं काय झालं, हे संसदेत सांगितलं गेलं ते मार्च २०१८ मध्ये. चार वर्षं घरच्यांच्या हातात काहीच नव्हतं.

दिवस ४. दात आणि लसी

मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे, साखर, बीपी, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी हे बघतातच. न बघितला जाणारा अवयव म्हणजे दात. कॅम्पच्या क्लिनिकमध्ये पॅरामेडिक असतो, डेंटिस्ट नसतो. अक्कलदाढ सुजली की माणूस थेट विमानात. किडलेलं सगळं इथेच भरून किंवा काढून घ्यावं.

लसींना वेळ लागतो, म्हणून त्या चौथ्या दिवशीच. धनुर्वात, टायफॉइड, कावीळ ए दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं, कावीळ बी शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. उरलेले डोस सुट्टीवर आल्यावर घ्यायचे, त्याची तारीख कार्डावर लिहून घ्यायची. बसऱ्याऐवजी दक्षिण सुदानचं काम निघालं तर यलो फीवरची लसही हवी, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. लस घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय दाखला चालत नाही.

दिवस २५. बॅग

हत्यारं चेक-इनमध्ये: पाने, पक्कड, फीलर गेज, इन्सुलेटेड स्क्रू-ड्रायव्हर. मल्टिमीटर स्वतःचा न्यावा आणि त्यावर कॅट-३ १००० व्होल्ट किंवा कॅट-४ ६०० व्होल्ट (सुरक्षेचा दर्जा) छापलेलं असावं. लोहार चाळीतला स्वस्त मीटर डीजीच्या बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्टीवर, लावला तर आतला फ्यूज नाही, मीटरच उडतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. दुर्बीण, वॉकी-टॉकी, ड्रोन, सॅटेलाइट फोन घरीच राहू दे. बुलेटप्रूफ जॅकेट तर नकोच, ते मालकानं द्यायचं असतं.

आता घरच्या पिशवीची गोष्ट. दुबईत खसखस बंदी असलेला पदार्थ आहे. अनारशांवर खसखस असते, घरच्या गोड्या मसाल्यात असते, कधी चिवड्यातही. नुसती ट्रान्झिट असली तरी हा धोका घेऊ नये. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग खुशाल न्या, पण गोडा मसाला करताना खसखस वगळायला घरात आधी सांगून ठेवा. औषधांत ट्रॅमाडॉल आणि कोडीन यांचंही तसंच. बाकीची औषधं नव्वद दिवसांची, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

कागदांचे तीन संच. एक बॅगेत, एक फोनवर, एक घरी पत्नीकडे: पासपोर्ट, व्हिसा, सगळ्या पानांचा करार, विमा पॉलिसी, उतरंडीतल्या प्रत्येक कंपनीचं पूर्ण नाव. घरचा संच सगळ्यात महत्त्वाचा, कारण काही झालं तर धावपळ कोपरखैरण्यातून होणार असते, बसऱ्यातून नाही. अमेरिकन कायद्याखालचा दावा असेल तर दुखापतीची खबर ३० दिवसांत आणि दावा एक वर्षात लागतो. पूर्ण अपंगत्वाला सरासरी आठवडी पगाराच्या दोन-तृतीयांश मिळतं. मृत्यू झाला तर हक्क पत्नी आणि मुलांचा; ती नसतील तरच आईवडिलांचा, तेही आधीचं वर्षभर कामगार त्यांना पोसत असेल तर. म्हणून आईवडिलांना पाठवलेल्या पैशांच्या पावत्या ठेवायच्या. एक बोचरी अट याच कायद्यात आहे: परदेशी कामगाराची कायमच्या अपंगत्वाची किंवा मृत्यूची पुढची सगळी देणी निम्म्यावर आणून एकरकमी मिटवता येतात. वर उल्लेख केलेल्या नेपाळी कामगारांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली ती याच कायद्याच्या आधारानं.

दिवस २८. सहार, दुबई

ऐरोली पुलावरून मुंबईच्या सहार विमानतळावर, चार तास आधी. तीन तासांचं उड्डाण, दुबईत टर्मिनल बदल, मग बसऱ्याचं छोटं विमान. रात्र खुर्चीतच जाते.

दिवस २९. बसरा विमानतळ ते कॅम्प

बाहेर कंपनीच्या नावाची पाटी नसते. आधी कळवलेला नंबर किंवा रंग असलेला कागद धरून माणूस उभा असतो. नंबर जुळला नाही तर कितीही ओळखीचं हसला तरी त्याच्याबरोबर जायचं नाही. इमारतीच्या आत परत जायचं आणि फोन करायचा.

पार्किंगमध्ये तीन गाड्या: पुढची, आपली, मागची. आपली बी-६ दर्जाची चिलखती लँड क्रूझर, म्हणजे एके-४७ आणि ७.६२ मिलिमीटर रायफलची साधी गोळी अडवणारी. चिलखतभेदी गोळीची हमी तिच्यात नाही. काच जाड, खाली होत नाही. दार इतकं जड की बोट सापडलं तर तुटतं, म्हणून दार गार्डनंच उघडायचं आणि लावायचं. जॅकेट दहा-बारा किलोचं. छातीची प्लेट गळ्याखालच्या खाचेपाशी सुरू झाली पाहिजे. नवीन माणूस हमखास ती पोटावर लटकवतो, कारण बसायला बरं वाटतं. हृदय मात्र उघडं राहतं.

निघण्याआधी पाच मिनिटांची सूचना असते. रक्तगट विचारतात. पट्टा लावायचा, चिलखती गाड्यांच्या प्रवासात माणसं गाडी उलटूनही जखमी होतात, कारण वजन वर असतं आणि वेग भरपूर. गाडी बंद पडली आणि पेट घेतलेला नसेल तर आतच बसायचं. दुसरी गाडी दाराला दार लावून येते आणि माणसं एकीतून दुसरीत ओढून घेतात. हातात बॅग घ्यायची नाही. चेकपोस्टचा फोटो काढला तर अख्खा ताफा तासभर अडकतो.

वाटेत खाली उतरून लघवीला जाणं नाही. भारतीय माणसाला हा नियम सगळ्यात जड जातो. पण १९८० ते ८८ चं इराण युद्ध, १९९१ आणि २००३, तिन्हींचा न फुटलेला दारूगोळा या जमिनीत आहे. डांबराची कड संपली की आपला रस्ता संपला. लाल रंगाचे दगड म्हणजे पलीकडे सुरुंग, पांढरे म्हणजे साफ केलेलं. रंग उडालेला असेल तर लाल समजायचं.

दिवस ३०. इंडक्शन

कॅम्पला भोवती टी-वॉल: सुमारे १२ फूट उंच, सहा टनांच्या आसपास वजनाचे काँक्रीटचे तुकडे. आत कंटेनर केबिनींच्या रांगा आणि दर काही केबिनींमागे दोन्ही टोकांना उघडा बंकर.

रॉकेट हल्ल्याचा सायरन वाजला की पळायचं नाही. आधी आहे तिथे पालथं पडायचं, हात डोक्यावर. रॉकेटचे तुकडे वर आणि बाजूला उडतात. उभा माणूस त्यांच्या वाटेत येतो, झोपलेला सहसा येत नाही. बहुतेक कॅम्पांचा नियम असा: दोनेक मिनिटं शांत गेली की जवळच्या बंकरमध्ये, आणि 'ऑल क्लिअर' येईपर्यंत तिथेच. मग गिनती. गिनतीला न आलेल्या एका माणसासाठी शोधपथक उघड्यावर जातं, म्हणून 'मी झोपलो होतो' हे कारण कोणी ऐकून घेत नाही. रात्री बूट पलंगाच्या डाव्या-उजव्या बाजूला नाही, पायाशी, नाडी सैल करून.

टर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा, बांधायला शिकवतात. जखमेच्या वर पाच ते सात सेंटिमीटर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत दांडी फिरवायची, वेळ लिहायची. दुखतं म्हणून सैल करायचं नाही. आपल्याकडे जखमेवर हळद नाहीतर रुमाल गच्च बांधायची सवय; रुमालानं धमनी बंद होत नाही.

तेलक्षेत्राजवळ काम असेल तर एच-टू-एसचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा, अलार्म छातीवर. तो १० पीपीएमला (दहा लाख भागांत १०) वाजतो. कुजक्या अंड्याचा वास आला आणि मग गेला, याचा अर्थ गॅस गेला असा नाही. शंभरच्या आसपास नाकच बधिर होतं. वाऱ्याला आडवं निघून मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला जायचं, खड्ड्यात उतरायचं नाही, कारण हा वायू हवेपेक्षा जड. दाढी रोज साफ. खुंट राहिले तरी मास्क हवाबंद बसत नाही.

दिवस ३१ ते ३७. प्लांट

इथे मात्र रबाळ्याचा माणूस घरी येतो. समजा ५०० केव्हीएचे चार सेट, तीन चालू, एक राखीव. पाऊणपट लोडवर एक सेट तासाला ८० लिटरच्या आसपास डिझेल पितो, म्हणजे तिघांना दिवसाला पावणेसहा हजार लिटर. सात दिवसांचा साठा धरला तर ४० हजार. रस्ता बंद झाला की हाच आकडा सगळे विचारायला येतात, म्हणून रोज सकाळी डिप घेऊन, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून, फळ्यावर लिहायचा.

टँकरवाल्याशी पहिलं भांडण लिटरवरून होतं. डिझेल दर अंशाला सुमारे ०.०८ टक्के फुगतं. दुपारी तापलेला २०,००० लिटरचा टँकर रात्री २० अंशांनी निवला की साधारण ३२० लिटर 'गायब' होतात. ती चोरी नसते. पावतीवर लिटरसोबत तापमान लिहून घेतलं की भांडण मिटतं. चोरी असते तेव्हा ती पाण्याच्या रूपात असते: डिपस्टिकच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावून बघायचं, नवीन तेल २४ तास निवळू द्यायचं, तळाचा कॉक रोज सोडायचा.

भारतात बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएम. इराकी डिझेलमध्ये ते कित्येक पटींनी जास्त. गंधक जळून आम्ल होतं, आम्ल इंजिन ऑइलमधला क्षार खातं. म्हणून २५० तासांचा ऑइल चेंज इथे १२५ वर आणायचा. अखंड चालणाऱ्या सेटला १२५ तास म्हणजे पाच दिवस. चार सेटांचं पत्रक त्याप्रमाणे आखलं नाही तर दोन सेट एकाच दिवशी उघडे पडतात, आणि सायरन नेमका तेव्हा वाजतो असा प्लांटवाल्यांचा पक्का समज आहे.

'इथे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला' म्हणून रेडिएटरमध्ये साधं पाणी भरणारे भेटतात. कूलंट उकळबिंदू वाढवतं आणि सिलिंडरच्या लायनरला छिद्रं पडू देत नाही. बसऱ्याचं पाणी खारं. त्यानं रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. निम्मं कूलंट, निम्मं आरओचं पाणी.

शमाल सुटला, म्हणजे वायव्येचा धुळीचा वारा, की एअर फिल्टरचा गेज लाल होतो. वादळ चालू असताना फिल्टर उघडला तर धूळ स्वच्छ बाजूला शिरते आणि टर्बो व रिंगा खाते. लोड दुसऱ्या सेटवर टाकून वारा पडायची वाट बघायची. फिल्टर आपटून झाडायचा नाही, बदलायचा. रेडिएटर मात्र धुवायचा, हवा ज्या दिशेनं जाते त्याच्या उलट बाजूनं. त्याच बाजूनं धुतला तर कचरा आणखी आत जाऊन बसतो.

हिवाळ्यात उलटी अडचण. रात्री एसी बंद, लोड ३० टक्क्यांखाली, आणि न जळलेलं डिझेल काळ्या चिकट तेलासारखं सायलेन्सरमधून गळायला लागतं. एक सेट बंद करून बाकीच्यांवर लोड चढवणं हा उपाय. तो न सुचल्यानं चांगले सेट खराब झालेले आहेत.

सगळ्यात जास्त वेळ अर्थिंगला द्यावा. पश्चिम इराकमधल्या अन्बारच्या कोरड्या वाळूत अर्थचा रोध मोठा येतो. बसऱ्यात माती खारी आणि ओली, रोध छान कमी, पण तीच माती अर्थिंगचा रॉड खाऊन टाकते. पहिल्या तपासणीत उत्तम दिसलेला अर्थिंगचा खड्डा दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचा. न्यूट्रल-अर्थ जोड एकाच ठिकाणी. प्रत्येक सेटवर वेगळा जोडला की समांतर चालताना न्यूट्रलमधून फिरता करंट वाहतो. बाथरूमच्या केबिनींना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट दिसला की वीज तोडणारा स्विच), आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. जानेवारी २००८ मध्ये बगदादच्या एका तळावर एक अमेरिकन सैनिक शॉवरखाली विजेच्या धक्क्यानं मेला. पाण्याच्या पंपाला नीट अर्थिंग नव्हतं. गोळी कुठूनच आली नव्हती. कोणी 'नळाला झिणझिण्या येतात' असं सांगितलं तर हातातलं काम टाकून आधी तिकडे जायचं.

५० अंशांत दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान नसली तरी. कचरा उघड्यावर जाळत असतील तर केबिन वाऱ्याच्या वरच्या बाजूची मागून घ्यावी. त्या धुरानं आजारी पडलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेनं २०२२ मध्ये कायदा केला, परदेशी कामगार त्यात नाहीत.

दिवस ४०. निघायची पिशवी

सगळं सुरळीत असतानाच ही भरायची. पाच-सहा किलो: मूळ पासपोर्ट, औषधं, एक जोडी कपडे, पाणी, चार्जर, चारेकशे डॉलर. नोटा निळ्या पट्टीच्या नव्या आणि घडी न पडलेल्या. जुनी पांढरी नोट इराकात कमी भावानं जाते. भारतीय दूतावासाचा बगदादचा आणि वाणिज्य दूतावासाचा एर्बिलचा नंबर कागदावर, कारण फोनची बॅटरी संपते. दूतावासाकडे नाव नोंदवलेलं असावं. २०१५ मध्ये येमेनमधून आणि २०२३ मध्ये सुदानमधून भारतानं माणसं काढली. सुदानमध्ये जहाज पोर्ट सुदानला लागलं होतं, खार्टूमपासून ८०० किलोमीटरहून दूर. तिथवर बसनं पोचावं लागत होतं. ज्याचा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, त्याला आधी आणीबाणीचा दाखला काढत बसावं लागतं.

दिवस ८८. परत

६० दिवस काम, ३० सुट्टी असं रोटेशन असेल तर प्राप्तिकराचा हिशेब सोपा: वर्षात भारतात साधारण १२० दिवस, अनिवासी दर्जा पक्का. २८-२८ चं रोटेशन ऐकायला गोड, पण त्यात भारतातले दिवस १८२ च्या कडेवर येतात आणि १८२ झाले की परदेशातल्या पगारावर इथे कर. उतरण्याचा आणि निघण्याचा दोन्ही दिवस भारतातलेच धरून मोजावेत. रात्री ११.५० ला सहारला टेकणाऱ्या विमानापेक्षा १२.२० ला टेकणारं विमान एक दिवस वाचवतं. मार्च जवळ आला की तिकीट त्याप्रमाणे मागून घ्यावं आणि शिक्क्याची तारीख काउंटरवरच बघून घ्यावी.